इंजिन बांधून झाले, पण सुरू होत नाही: दोष शोधण्याचा क्रम

हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून गॅस्केट बदलले, व्हॉल्व्ह बसवून घेतले, टायमिंग बेल्ट नवा घातला, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि चावी फिरवली. इंजिन फिरते, पण पेट काही घेत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा चावीकडेच जातो आणि दहा-बारा वेळा सेल्फ मारून बॅटरी बसली की मग विचार सुरू होतो. हा क्रम उलटा करायला हवा. मोठ्या कामानंतर सुरू न होणारे इंजिन हे रस्त्यात अचानक बंद पडलेल्या इंजिनापेक्षा वेगळे प्रकरण आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीत काय झिजले, काय जळाले ते शोधावे लागते. इथे मात्र आपल्या हातून काय राहिले, काय उलटे बसले आणि काय दबले, ते शोधायचे असते, कारण काम हातात घेण्यापूर्वी चालणाऱ्या भागांपैकी ज्यांना हात लागला नाही ते एकाएकी बिघडण्याची शक्यता कमी असते.

म्हणून पहिले साधन पाना नव्हे, कागद आहे. काम करताना काय काय सोडले, कोणता कपलर (तारांचा जोड) काढला, कोणता पाइप बाजूला केला, कोणती पट्टी मोकळी केली, हे सारे आठवून उलट्या क्रमाने लिहून काढावे, म्हणजे जे सर्वांत शेवटी जोडले ते यादीत सर्वांत वर येईल. काम सुरू करण्यापूर्वी इंजिनाचे फोटो काढले असतील तर ते समोर ठेवावेत. या यादीला दोनच अपवाद जोडून ठेवावेत. एक, गाडी मुळात ज्या तक्रारीसाठी उघडली तिचे खरे कारण अजून आतच असू शकते. दोन, नवा सुटा भाग खराब निघू शकतो, आणि हा भाग तर नवाच आहे असे म्हणून आपण नेमका तोच तपासायचा सोडतो.

चावीला हात लावण्यापूर्वी

सतत सेल्फ मारत राहण्याचे तोटे केवळ बॅटरीपुरते नसतात. स्टार्टर मोटर थोड्या वेळासाठी जबरदस्त प्रवाह ओढण्यासाठी बनवलेली असते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवल्यास आणि मध्ये एक-दोन मिनिटांची उसंत न दिल्यास तिची वेटोळी तापतात. पेट न घेतलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, त्यामुळे नव्या पिस्टन रिंगा कोरड्या घासतात आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) आणखी उतरते. उरलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचते आणि पुढे इंजिन सुरू झाल्यावर तिथेच पेटते. परंतु खरा धोका याहून मोठा आहे. टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ) चुकले असेल आणि इंजिन असे असेल की त्यात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकमेकांना भिडू शकतात, तर व्हॉल्व्ह वाकायला क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) एक-दोन फेरे पुरतात. तसेच हेडच्या कामात कूलंट एखाद्या सिलिंडरमध्ये उतरले असेल, तर द्रव दाबला जात नसल्यामुळे सारा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो.

हे दोन्ही धोके टाळण्याचा उपाय एकच आहे आणि तो फुकटचा आहे. बॅटरीची ऋण तार सोडावी, सगळे प्लग काढावेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. दोन फेरे यासाठी की क्रँकचे दोन फेरे झाले तरच कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा पूर्ण होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. प्लग काढलेले असताना हाताला सगळीकडे सारखीच, थोडी चिकट ओढ लागायला हवी. एखाद्या ठिकाणी पाना ठामपणे अडला तर तिथे जोर लावू नये. थोडे मागे येऊन टायमिंगचे झाकण उघडावे. एखाद्या प्लगच्या छिद्रातून कूलंट बाहेर आले, तर गॅस्केट बसले नाही, किंवा हेड उचलताना सांडलेले पाणी तिथेच राहिले, बहुधा यापैकी एक. फेरे पूर्ण होतात पण सगळीकडेच फार जड जाते, तर मुख्य बेअरिंगच्या कॅपांची अदलाबदल झाली का, किंवा एखादी कॅप उलटी बसली का, हे तपासण्यासाठी खाली उतरावे लागेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत न बसवता गिअरबॉक्स इंजिनाला आवळला असला, तरीही हीच जड ओढ लागते.

सेल्फ लागतच नाही

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो किंवा काहीच होत नाही, अशी तक्रार असेल तर इंधन आणि स्पार्क यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. मल्टिमीटर घेऊन प्रथम बॅटरीचा दाब पाहावा. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ व्होल्ट म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, आणि १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. दुरुस्तीत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली असेल तर बॅटरी उतरलेली असू शकते. खरी परीक्षा मात्र सेल्फ मारताना होते: त्या क्षणी बॅटरीच्या खांबांवरचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. नव्या रिंगा आणि नवी बेअरिंगे घातलेले इंजिन घट्ट असते, त्यामुळे एरवी चालून गेलेली थकलेली बॅटरी अशा वेळी उघडी पडते.

बॅटरी चांगली आहे आणि तरीही स्टार्टर मंद फिरतो, तर अर्थिंग तपासावे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हेडच्या किंवा गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टाखाली असते आणि काम संपवताना ती मागे लोंबकळत राहते. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका चार सिलिंडरच्या गाडीचे गॅस्केट बदलल्यावर इंजिन कण्हत कण्हत फिरत होते. मी बॅटरी बदलली, स्टार्टर उतरवून बाकावर फिरवून पाहिला, तो उत्तम होता. पुन्हा चढवला, पुन्हा तेच. शेवटी सहज ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात पडला, तर ती चांगलीच गरम लागली. पट्टी जोडलेली नसल्यामुळे स्टार्टरचा सारा प्रवाह त्या बारीक केबलमधून परतीची वाट शोधत होता. तेव्हापासून मंद सेल्फची तक्रार आली की मी आधी मीटरची एक तार इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खांबाला लावतो आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगतो. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी नाही, सैल आहे, किंवा रंगावर आवळलेली आहे. ब्लॉक किंवा बॉडी नव्याने रंगवली असेल तर ही शेवटची शक्यता विसरू नये; बोल्टाखालचा रंग खरवडून धातू चकचकीत करावा लागतो.

स्टार्टर अजिबात हलत नसेल तर त्याच्या सोलेनॉइडवरची (स्टार्टरला प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचवरची) बारीक तार पाहावी. जाड तार बॅटरीवरून थेट येते, तिच्या टोकाला बहुधा ३० असा आकडा असतो. बारीक तारेच्या टोकाला ५० असतो आणि तिच्यावर फक्त सेल्फ मारतानाच १२ व्होल्टच्या जवळपास दाब यायला हवा. दाब येतो पण स्टार्टर हलत नाही, तर दोष स्टार्टरमध्ये. दाबच येत नाही, तर मागे क्लचच्या पेडलचा स्विच, गिअरच्या न्यूट्रलचा स्विच, रिले आणि फ्यूज या मार्गाने जावे. गिअरबॉक्स उतरवला असेल तर न्यूट्रल स्विचचा कपलर राहून जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

इथे घाई न करता आधी कान द्यावा. चांगल्या इंजिनाचा सेल्फचा आवाज एका लयीत चढतो-उतरतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाबताना स्टार्टरला थोडा जोर लावावा लागतो. आवाज सरळ, चढउताराशिवाय आणि नेहमीपेक्षा वेगाने ‘सुर्र’ असा येत असेल, तर कॉम्प्रेशनच नाही. टायमिंग बेल्ट बसवण्यात मोठी चूक झाली आहे किंवा व्हॉल्व्ह मिटत नाहीत. लय लंगडी असेल, तीन वेळा जड आणि चौथ्या वेळी हलकी, तर एकाच सिलिंडरमध्ये गळती आहे. इनटेकमधून फुसकारा किंवा फटाका येत असेल तर टायमिंग किंवा प्लगच्या तारांचा क्रम चुकला आहे. या आवाजांवरून पुढच्या तपासाचा क्रम बदलता येतो, आणि तो बदलावा. आवाज सुर्रकन येत असताना इंधनाचा दाब मोजत बसण्यात अर्थ नाही.

आवाज नेहमीसारखा असेल तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे यंत्र) जोडून सेल्फ मारताना इंजिनाचे आरपीएम पाहावेत. कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या संगणकाला) क्रँक फिरतो आहे हे क्रँक सेन्सरकडून कळते आणि ते कळल्याशिवाय ते ना स्पार्क देते ना इंजेक्टर उघडते. सेल्फ मारताना साधारण दीडशे ते अडीचशे आरपीएम दिसायला हवेत. शून्य दिसत असेल तर स्पार्क आणि इंधन दोन्ही का नाहीत याचे उत्तर मिळाले: क्रँक सेन्सरचा कपलर सुटलेला आहे, त्याची तार गिअरबॉक्स चढवताना चिमटली आहे, सेन्सर पूर्ण आत बसलेला नाही, किंवा ज्या दातेरी चकतीसमोर तो बसतो ती वाकली आहे. सेन्सर आणि दाते यांच्यामधले अंतर बहुधा मिलिमीटरच्या आसपासच असते, म्हणून सेन्सरखाली राहिलेला कचऱ्याचा कण किंवा चुकून घातलेला जादा वायसरदेखील सिग्नल मारतो. स्कॅनरवर दिसणारा पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आणि पी०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा असतो. पी००१६ आला तर तो अधिक गांभीर्याने घ्यावा, कारण त्याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांच्या सिग्नलचा परस्परांशी मेळ बसत नाही असा होतो, आणि मोठ्या कामानंतर त्याचे सर्वांत संभाव्य कारण एखाद्या दात्याने चुकलेला बेल्ट किंवा चेन हे असते.

फ्लायव्हील काढले असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांची छिद्रे समान अंतरावर असतात आणि खुणेची खुंटी नसते, त्यामुळे ते चुकीच्या कोनात बसू शकते. क्रँक सेन्सरचे दाते फ्लायव्हीलवर असतील तर आरपीएम व्यवस्थित दिसतात, पण स्पार्क भलत्याच क्षणी पडतो. हा दोष शोधायला अवघड, कारण प्रत्येक स्वतंत्र चाचणी पास होते.

एकसारखे दिसणारे कपलरही असेच फसवतात. हेडच्या आसपास कॅम सेन्सर, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, तेलाच्या दाबाचा स्विच आणि एखाद-दुसरा सोलेनॉइड जवळजवळ असतात, आणि काही गाड्यांत त्यांचे कपलर अदलाबदल होऊनही नीट बसतात. इंजिन थंड असताना स्कॅनरवर कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसत असेल, तर तो सेन्सर जोडलेलाच नाही असे समजावे. काही कंट्रोल युनिटे अशा वेळी इंजिन गोठले आहे असे मानून इतके पेट्रोल सोडतात की प्लग भिजतात. गाडी रात्रभर उभी असेल तर कूलंटचे आणि इनटेकमधल्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. ही तुलना अर्ध्या मिनिटात होते आणि बरेच काही सांगून जाते.

स्पार्क

स्पार्क तपासण्यासाठी साधा स्पार्क टेस्टर वापरावा. प्लगची तार हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. उच्च दाबाला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा तिचे मॉड्यूल जळू शकते, आणि हा दाब हजारो व्होल्टांत असल्यामुळे हातात धरणे तर सोडाच. इंधनाचा वास येत असेल किंवा प्लगची छिद्रे उघडी असतील तर त्याजवळ ठिणगी पाडू नये. आधी इंजेक्टरचे कपलर काढून इंधन बंद करावे.

डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने उच्च दाब वाटणारा भाग) असलेल्या जुन्या इंजिनात चुकांना वाव जास्त. ओळीतल्या चार सिलिंडरांच्या इंजिनात पेटण्याचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, पण तो ब्लॉकवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच घ्यावा. त्याहून नेहमीची चूक म्हणजे डिस्ट्रिब्यूटर १८० अंशांनी उलटा बसणे. पहिला पिस्टन एका चक्रात दोनदा टीडीसीला (सर्वांत वरच्या टोकाला) येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. म्हणून खूण जुळवण्यापूर्वी पहिल्या प्लगच्या छिद्रावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवावे. हवा अंगठा उचलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतो आहे असे समजावे, आणि मग खूण जुळवून रोटर (डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता हात) पहिल्या तारेकडे आहे का ते पाहावे.

प्लग बसवताना खाली पडला असेल तर त्याचा गॅप मिटलेला असतो. बहुतेक प्लगांचा गॅप ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून पाहायला एक मिनिट लागते. प्लग काढल्यावर ते ओले निघाले तर इंधन येते आहे आणि पेटत नाही, कोरडे निघाले तर इंधनच येत नाही. ओल्या प्लगांच्या बाबतीत ते पुसून, वाळवून बसवावेत आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असे केल्यास कंट्रोल युनिट इंजेक्टर बंद ठेवते आणि आतले जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर जाते.

इंधन

चावी ऑन केल्यावर टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर फ्यूज, रिले आणि, काही गाड्यांत असतो तो, धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच तपासावा. आवाज आला म्हणजे दाब आला असे मात्र नाही. इनटेकमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शन पद्धतीत रेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि तो गेज लावूनच कळतो. लाइन मोकळी झालेली असल्यामुळे पहिल्याच सेल्फमध्ये दाब येत नाही, म्हणून तीन-चार वेळा नुसती चावी ऑन-ऑफ करून लाइन भरून घ्यावी. इंधनाचे येणारे आणि परतीचे पाइप एकमेकांच्या जागी लागणे ही चूक इतकी साधी आहे की ती कोणी कबूल करत नाही, पण होते. गाडी काही महिने उभी असेल तर जुन्या पेट्रोलवर विश्वास ठेवू नये.

थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनांत आणि कॉमन रेल डिझेलमध्ये उच्च दाबाच्या लाइनचा नट इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नये. तिथे शेकडो बारचा दाब असतो आणि सुईसारखी बारीक धार त्वचा भेदून आत जाते. अशी जखम दिसायला लहान असली तरी ती तातडीने शल्यचिकित्सकाकडे नेण्याची बाब असते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथे लाइनमध्ये हवा धरणे हेच सुरू न होण्याचे पहिले कारण. फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत दाबावा, एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, मग नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून थोडे सैल करत सेल्फ मारावा आणि डिझेल आले की आवळावे. कॉमन रेलमध्येही हवा काढायची ती कमी दाबाच्या बाजूनेच, हँड पंपाने किंवा टाकीतल्या पंपाने. त्यानंतर स्कॅनरवर सेल्फ मारताना रेलचा दाब पाहावा. तो साधारण दोनशे बारच्या आसपास पोहोचला नाही तर बहुतेक कंट्रोल युनिटे इंजेक्टर उघडतच नाहीत. पी००८७ हा रेलचा दाब कमी असल्याचा कोड आहे. थंड डिझेल इंजिन सुरू होताना हीटर प्लगांवर अवलंबून असते, आणि हेडच्या कामात त्यांची पट्टी जोडायची राहून जाते.

कॉम्प्रेशन आणि टायमिंग

स्पार्क आहे, इंधन आहे, तरी पेट नाही, तर उरते ते इंजिनाचे पोट. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, सगळे प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन बंद करावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाबांपर्यंत फिरवून गेजचा आकडा लिहावा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात. डिझेलमध्ये दाब कितीतरी जास्त असल्याने त्याचे गेजही वेगळे लागते. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकत्रच पडलेले असतील तर त्यांच्यामधला गॅस्केटचा पूल बसलेला नाही. एकच पडला असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. चारही सारखेच पडले असतील तर कॅमचे टायमिंग, धुतलेल्या भिंती, किंवा टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग).

टॅपेटचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण हेडचे काम बाहेरून करून आणल्यावर तो नेमका दुर्लक्षिला जातो. सीट कापून व्हॉल्व्ह घासून बसवला की तो सीटमध्ये थोडा आणखी खोल जातो, आणि तो खाली जितका आत गेला तितकेच त्याचे वरचे टोक कॅमच्या दिशेने वर येते. जुन्याच शिम (गॅप ठरवणाऱ्या चकत्या) किंवा जुन्याच सेटिंगवर बसवले तर टॅपेटचा गॅप नाहीसा होतो आणि कॅम फिरून गेला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हाताने फिरवताना काहीही अडत नाही, बेल्टच्या खुणा बरोबर असतात, तरीही गेजची सुई जागची हलत नाही. उपाय एकच: कॅमचे नाक व्हॉल्व्हच्या उलट दिशेला असताना प्रत्येक ठिकाणी फीलर गेज घालून पाहावे. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते बाहेर मोकळे पडून असताना तेलाने भरून लांब झालेले असू शकतात आणि कॅम आवळल्यावर व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतात. त्यांना दबायला वेळ द्यावा आणि तोवर इंजिन फिरवू नये.

सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यास आकडा चढला तर गळती रिंगांकडून आहे, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून. डिझेलमध्ये हा प्रयोग करू नये, तिथे दहनकक्ष लहान असल्याने आकडा फसवतो. कॉम्प्रेसर हाताशी असेल तर याहून चांगली युक्ती म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवून प्लगच्या छिद्रातून हवा सोडणे आणि ती कुठून निघते ते ऐकणे. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल ओतण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा सोडताच क्रँक फिरू शकतो, म्हणून त्याआधी पुलीवरचा पाना काढून घ्यावा.

टायमिंगच्या खुणा पाहताना दोन गैरसमज टाळावेत. क्रँकच्या चक्राला २० दाते असतील तर एक दाता म्हणजे १८ अंश. एवढ्याशा चुकीने काही इंजिने लंगडत सुरू होतात, काही मुळीच होत नाहीत. म्हणून ‘जवळपास जुळते’ हे उत्तर चालत नाही. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारे चाक) ताणल्यावर बेल्ट एखादा दाता सरकू शकतो, त्यामुळे खुणा टेन्शनर ताणून झाल्यावर आणि दोन फेरे फिरवल्यावर पुन्हा पाहाव्यात. चेनच्या रंगीत कड्या मात्र फक्त जोडणीच्या वेळी जुळतात आणि नंतर कित्येक फेरे जुळत नाहीत, तेव्हा त्या सरकलेल्या दिसल्या म्हणून घाबरू नये. चक्रांवरच्या खुणा पाहाव्यात. दुसरे म्हणजे बाहेरची पुली खोटे बोलू शकते. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये रबर असते, ते सुटले की बाहेरची कडी खुणेसह सरकते. शंका आली तर पहिल्या प्लगच्या छिद्रातून लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी सोडून पिस्टन खरोखर वर आला आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे.

हवा, धूर आणि चावी

काम करताना इनटेकच्या तोंडात कोंबलेले फडके तिथेच राहणे ही गोष्ट ऐकायला विनोदी वाटते, पण एका फडक्याने दोन दिवस खाल्ल्याची उदाहरणे या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतात. कामाला बसताना फडकी मोजून घ्यावीत. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट नीट न बसणे किंवा ब्रेक बूस्टरचा जाड पाइप सुटलेला राहणे यामुळे मोजणी न झालेली हवा आत येते. अशा वेळी इंजिन क्षणभर पेट घेते आणि विझते. एक्झॉस्ट चोंदलेला असला तरी तसेच होते, पण ते क्वचित.

इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत ठरावीक वेळी बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर हा यांत्रिक दोष नाही. इमोबिलायझरला (चोरीविरोधी यंत्रणेला) चावी ओळखू येत नाही. काही गाड्यांत तो स्टार्टरच फिरू देत नाही, काहींत केवळ इंधन तोडतो. कंट्रोल युनिट बदलले असेल तर चावी नव्याने जोडून घ्यावी लागते, आणि चावीभोवतीच्या कड्याचा कपलर स्टिअरिंगखाली सुटलेला नाही ना, तेही पाहावे.

पेट घेतल्यावर

इंजिन पूर्ण बांधले असेल तर पहिल्या खऱ्या सेल्फआधी प्लग काढलेले ठेवून, इंधन बंद करून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थोडे थोडे थांबत फिरवावे, म्हणजे बेअरिंगांना तेल पोहोचते. मग प्लग घालावेत. सुरू झाल्यावर काही सेकंदांत तो दिवा विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे, आवाज कितीही गोड असला तरी. तपासताना काढलेले प्लॅस्टिकचे झाकण लगेच लावू नये. इंजिन एकदा पूर्ण गरम होऊ द्यावे, पंखा लागतो का ते पाहावे, कूलंटमधली हवा काढावी, तेल आणि इंधनाची गळती टॉर्चने पाहावी. नंतर ते पूर्ण थंड करून कूलंटची पातळी पुन्हा भरावी आणि थंड इंजिन पहिल्याच सेल्फमध्ये सुरू होते याची खात्री केल्यावरच झाकण बसवून गाडी बाहेर काढावी.